पाहुणीने पाय पुसून यावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला, "तुम्ही मुलाकडे न्यूझीलंडला तीन महिने राहून आलात, तर वर्धापनदिनाला तिथल्या गमतीजमती सांगा." मी हो म्हटले खरे, पण घरी जाऊन विचार करू लागले, तेव्हा ध्यानात आले की तिथली दुकाने, रस्ते, समुद्रकिनारे यांच्याविषयी नवे असे माझ्याजवळ काहीच नाही. ते सारे तुम्ही घरबसल्या पाहिलेले आहे. मला सांगावेसे वाटते ते एका लहानशा बेटाविषयी, त्यावरच्या पाखरांविषयी, आणि त्या बेटावर पाऊल टाकण्याआधीच माझी जी फजिती झाली तिच्याविषयी. स्वतःची फजिती चारचौघींत सांगायची म्हणजे जरा संकोच वाटतो. पण मंडळात नाही सांगायची तर कुठे सांगायची?

दुसरेही एक कारण आहे. पुढल्या महिन्यात आपली सहल कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जायची आहे. त्या आधी हे बोलणे झाले तर बरे, असे मला मनापासून वाटले. का, ते शेवटी सांगते.

मी काही पक्षितज्ज्ञ नव्हे. कावळा, चिमणी, साळुंकी, भारद्वाज आणि कोकीळ एवढीच माझी पाखरांशी ओळख. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नका. एका गृहिणीने दुसऱ्याच्या घरी जाऊन तिथली टापटीप पाहिली आणि ती परत येऊन शेजारणीला सांगितली, एवढेच या भाषणाचे स्वरूप आहे.

ऑकलंड शहरासमोर हौराकी नावाचे आखात आहे. त्यात शहरापासून तीसएक किलोमीटरवर टिरिटिरी माटांगी हे बेट आहे. नाव माओरी लोकांचे. वाऱ्यावर हेलकावणारे, असा त्याचा अर्थ सांगतात. बेट केवढे म्हणाल, तर अवघे २२० हेक्टर. सकाळी निघालेली बाई रमतगमत हिंडून संध्याकाळी परतीची बोट सहज गाठते. तिथे फक्त त्या देशातलीच, तिथल्याच मातीतली पाखरे सांभाळली आहेत, आणि ती पाहायला कुणालाही जाता येते. सरकारचे निसर्गसंवर्धन खाते आणि १९८८ साली स्थापन झालेले स्वयंसेवकांचे एक मंडळ, असे दोघे मिळून त्या बेटाचा संसार चालवतात.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. तिकडे जानेवारीत ऐन उन्हाळा. मी सुनेच्या स्वयंपाकघरात हौसेने गूळपोळ्या केल्या होत्या. बेटावर खायचे काही विकत मिळत नाही, आपले आपण न्यावे लागते, असे सुनेने सांगितल्यावर मी आदल्या रात्रीच डबा भरला, कापडी पिशवीत घातला आणि पिशवी मागच्या दाराशी जमिनीवर ठेवून दिली. सकाळी घाईत होते तशी उचलली.

बोटीच्या धक्क्यावर एक उतारवयाच्या बाई उभ्या होत्या. पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा. त्या प्रत्येकाला हसून विचारत होत्या, "पिशव्या उघडून पाहिल्यात ना? जोडे घासलेत ना?" बाजूला ब्रश ठेवलेले. माणसे निमूटपणे एकेक पाय वर करून जोड्याच्या तळव्यातली माती घासून काढत होती. मला हसूच आले. मी सुनेला मराठीत म्हटले, "अग, हे बेट आहे की सोवळ्यातले देवघर?"

माझी पाळी आली. मी पिशवी उघडली, आणि काय सांगू! डब्याच्या झाकणाभोवती बारीक मुंग्यांची रांगच्या रांग लागलेली. गुळाचा वास, दुसरे काय! माझ्या शालीच्या काठालाही गवताची दोन-चार कुसळे चिकटली होती, ती वेगळीच.

त्या बाई रागावल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी मला बाजूला घेतले, सारे सामान एका पांढऱ्या टेबलावर काढायला लावले, पिशवी उलटी करून शिवणीशिवणीतून पाहिली, आणि डबा बोटीवर नेता येणार नाही असे मऊ आवाजात पण ठामपणे सांगितले. बोटीचा भोंगा वाजलेला, माणसे माझ्याकडे पाहताहेत, सून कानकोंडी होऊन उभी. मी मनातून चिडले होते. तोंडाने म्हटले, "अहो, आमच्याकडे मुंगीला साखर घालतात. पुण्य लागते म्हणून. आणि तुम्ही चार मुंग्यांसाठी एवढे करता?"

सुनेने ते इंग्रजीतून सांगितले. बाई म्हणाल्या, "बोटीवर बसल्यावर मी तुम्हांला मुंग्यांचीच गोष्ट सांगते." गूळपोळ्या धक्क्यावरच राहिल्या, आणि आम्ही बोटीवर चढलो. त्या बाई त्या दिवशी बेटावर वाटाड्या म्हणून आमच्याबरोबरच येत होत्या.

मुंग्यांची गोष्ट अशी. सन २००० मध्ये त्या बेटावर अर्जेंटिनातली एक परकी मुंगी आढळली. कुणाच्या तरी सामानातून आली असणार. आणणाऱ्याला पत्ताही नसेल. ही मुंगी फार हावरी. ती इतर किड्यांचा फडशा पाडते, फुलांतला मध पळवते. घरट्यातल्या उघड्या पिलांनाही तिच्यापासून भय. तिला हुडकून हुडकून, विषारी आमिष घालून नाहीसे करण्यात पंधराहून अधिक वर्षे गेली. किती उन्हे डोक्यावर घेत माणसांनी गुडघ्यावर बसून बेटाचा कानाकोपरा तपासला असेल! आणि कारण काय, तर कुणीतरी एकाने पिशवी झटकली नव्हती.

"तुमच्या मुंग्या त्या जातीच्या असतीलच असे नाही," बाई म्हणाल्या, "पण धक्क्यावर उभे राहून मला ते ओळखता येत नाही. म्हणून मी सगळ्यांना सारखेच वागवते."

भगिनींनो, माझा राग तिथेच उतरला. तरी मनात प्रश्न राहिलाच, की एका मुंगीचे, एका उंदराचे एवढे भय का? त्याचे उत्तर त्या देशाच्या जन्मातच आहे. न्यूझीलंडमध्ये माणूस पोचण्यापूर्वी जमिनीवर चालणारा सस्तन प्राणी नव्हताच. उंदीर नाही, मांजर नाही, मुंगूस नाही, फक्त वटवाघळे. त्यामुळे तिथल्या कित्येक पाखरांनी उडणे सोडून दिले. काही जमिनीवर घरटी करू लागली. भिण्याची त्यांना सवयच राहिली नाही. दाराला कडी नसलेले घर म्हणा ना! मग माओरी लोकांच्या होड्यांतून एक लहान उंदीर आला, त्याला ते कियोरे म्हणतात. पुढे युरोपीय लोकांच्या जहाजांतून मोठे उंदीर, मांजरे आणि मुंगसासारखे शिकारी प्राणी आले. स्टीफन्स नावाच्या बेटावर १८९० नंतरच्या दशकात दीपगृह झाले, त्या वस्तीबरोबर मांजरे आली, आणि तिथला एक चिमुकला न उडणारा पक्षी पाच-दहा वर्षांच्या आत जगातून नाहीसा झाला.

दुसरी हकीकत १९६४ सालची. दक्षिणेला बिग साउथ केप म्हणून बेट आहे. तिथे मासेमारी बोटींवरून उंदीर उतरले, आणि पाखरांची घरटीच्या घरटी रिकामी होऊ लागली. वन्यजीव खात्याची माणसे धावली. टीएके नावाच्या पक्ष्याच्या दक्षिणेकडल्या जातीची ३६ पाखरे त्यांनी पकडून दुसऱ्या बेटांवर नेऊन सोडली. आज त्या जातीची जेवढी पाखरे आहेत ती सारी त्या छत्तिसांची लेकरे-नातवंडे. पण त्याच बेटावरच्या दोन प्रकारच्या पाखरांना आणि एका वटवाघळाला मात्र वाचवता आले नाही. ती कायमची गेली.

हे ऐकता ऐकता सव्वा तासात बेट आले.

आता तुम्हांला वाटेल की हे बेट म्हणजे पूर्वीपासूनचे घनदाट अरण्य असेल. मलाही तसेच वाटले होते. पण नाही! शंभरावर वर्षे तिथे मेंढ्या-गुरे चरत होती. रान तोडून जाळून कुरण केलेले. १९७१ साली शेतीचा पट्टा संपला, तेव्हा दऱ्याखोऱ्यांतून उरलेली थोडीशी झाडे सोडली तर बेट उघडेबोडके होते. ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन क्रेग आणि नील मिचेल या दोन शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला, की हे बेट लोकांच्या हातांनीच पुन्हा उभे करावे आणि लोकांना उघडे ठेवावे. त्या काळी ही कल्पना नवीनच होती. अभयारण्य म्हणजे माणसांना मज्जाव, अशीच रीत होती.

बेटावर १८६५ पासून चालणारे दीपगृह आहे. १९८४ साली ते आपोआप चालणारे झाले आणि दिवा राखणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. त्या शेवटच्या दीपपालकाचे नाव रे वॉल्टर. त्यांनी बेट सोडले नाही. दिव्याऐवजी ते रोपे राखू लागले. बेटावरचेच बी गोळा करून त्यांनी रोपवाटिका वाढवली. त्यांच्या पत्नी बार्बरा याही त्यांच्या जोडीने राबल्या. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत शाळेची मुले, नोकरदार माणसे, पेन्शनर, बायाबापड्या बोटीतून येत, कुदळ घेत आणि रोपे लावून संध्याकाळी परत जात. अशी अडीच ते तीन लाख झाडे लागली. मोल देऊन लावलेली नव्हेत, हातांनी, हौसेने लावलेली! आणि एक शहाणपण असे, की सारे बेट त्यांनी झाडांनी भरून टाकले नाही. साठ टक्के रान केले आणि चाळीस टक्के गवत मुद्दाम तसेच ठेवले. कारण काही पाखरांचे घर गवतातच असते. आपण मात्र झाडे लावली की पुण्य झाले असे समजून मोकळे होतो. कोणाला काय हवे हे आधी विचारावे लागते, ही गोष्ट मी तिथे शिकले.

धक्क्यावरून चालत आम्ही आधी समुद्राच्या कडेने गेलो. वाटेत दगडांत बसवलेल्या लहान पेट्या आहेत. वरचे झाकण हळूच उचलले की खाली काच असते. आत पाहिले तर निळसर रंगाचे एक बुटके पेंग्विन अंग फुगवून बसले होते. भोवती गळलेल्या पिसांचा ढीग. वर्षातून एकदा त्याची सारी पिसे झडून नवी येतात, आणि तोवर ते पाण्यात उतरू शकत नाही. दोनएक आठवडे उपाशीच बसते. "अशा वेळी त्याला त्रास झाला तर त्याच्या जिवावर बेतते," असे वाटाड्या बाई कुजबुजत म्हणाल्या, आणि बाळंतिणीच्या खोलीचे दार लोटावे तसे झाकण अलगद लावले.

पुढे रानातली वाट लागली. मैत्रिणींनो, तो आवाज मला अजून ऐकू येतो. घंटापक्षी म्हणून एक हिरवट पाखरू आहे. एक बोलू लागले की दुसरे, तिसरे. देवळात काकडआरतीला लहान-मोठ्या घंटा एकदम वाजाव्यात तसे सारे रान किणकिणू लागते. ऑकलंडमध्ये मुलाच्या घराभोवती मी हा आवाज कधी ऐकला नव्हता.

मग हीही दिसले. नाव ऐकून हसू नका. ते खरोखरच त्याचे नाव आहे. नराच्या डोक्याला काळी टोपी, कानाशी पांढरा तुरा आणि छातीवर पिवळा पट्टा. एके काळी हा पक्षी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर सर्वत्र होता. पुढे फक्त एका बेटावर उरला. टिरिटिरीवर तो १९९५ साली आणला. पण बेटावरचे रान अजून तरुण आहे. जुन्या झाडांना ढोली असतात, तशा या झाडांना नाहीत, आणि वर्षभर पुरेल एवढी फुलेही नाहीत. म्हणून माणसे त्याच्यासाठी लाकडी पेट्या टांगतात आणि साखरेचे पाणी ठेवतात. हे पाणी ठेवणे म्हणजे आपण मुंगीला चिमूटभर साखर टाकतो तसे नव्हे बरे का! भांडी नेमाने घासावी लागतात, नाहीतर आंबून रोग पसरतो. भोवती जाळी असते, म्हणजे तूई नावाचा दांडगा पक्षी आत शिरून सगळे गट्ट करणार नाही. पेट्यांत पिसवांसारखे किडे होतात, ते पाहावे लागते. प्रत्येक पिलाच्या पायात रंगीत कडी घालून त्याची नोंद ठेवतात. सून म्हणाली, "आई, हे तर अंगणवाडीचे हजेरीपुस्तकच झाले!"

एवढ्या निगुतीचे फळही तसेच आले. टिरिटिरीवर वाढलेली हीही पाखरे पुढे इतर अभयारण्यांत नेऊन सोडली गेली. बेट त्यांचे माहेर झाले, आणि तिथून लेकी सासरी जाऊ लागल्या.

दीपगृहाजवळच्या गवतात ताकाहे पाहिला. आपल्या तळ्यांत जांभळी पाणकोंबडी असते ना, लाल चोचीची? हा तिचाच चुलतभाऊ म्हणायचा, पण चांगला तीन किलो वजनाचा, आणि त्याला उडता येत नाही. १८९८ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. सर्वांनी तो गेला असे धरले होते. १९४८ साली जेफ्री ऑर्बेल नावाच्या डॉक्टरांना तो दूरच्या डोंगरांत सापडला. आता त्यांची संख्या पाचशेच्या घरात गेली आहे. तो माझ्यापासून चार हातांवरून, सासऱ्यासारखा भारदस्त चालीने, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता गेला. माझा हात नकळत पिशवीकडे गेला, काहीतरी खायला घालावे म्हणून. पण पिशवीत गूळपोळी नव्हती, आणि घालायला मनाईही होती. त्याचे अन्न गवत. आपले गोडधोड त्याला बाधते.

दीपगृहापाशी आम्ही जेवायला बसलो. सुनेच्या बंद डब्यातले सँडविच आमच्या वाट्याला आले. तिथे मी त्या बाईंना मनातला प्रश्न विचारला. कारण सकाळी बोटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. बेटावर मघा सांगितलेला कियोरे उंदीर फार होता. तो बी खाई, अंडी खाई, किडे खाई. १९९३ साली हेलिकॉप्टरने सबंध बेटावर विष टाकून तो समूळ नाहीसा केला. त्यानंतरच रान दाटले आणि नाजूक पाखरे आणता आली.

मी म्हटले, "बाई, उंदीर हे आमच्या गणपतीचे वाहन. घरातही पिंजऱ्यात सापडला तर माझी सासू तो लांब नेऊन सोडायला लावी. एका जिवासाठी दुसरे हजारो जीव विष घालून मारायचे, ही कसली भूतदया?"

सून घाबरली, बाईंना वाईट वाटेल म्हणून. पण त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही ते आवडत नाही. कुणाला आवडेल? अशा विषाने काही पाखरेही दगावतात. पण उंदीर इथे आपल्या पायांनी पोहत आला नाही. माणसाने आणला. पाखरांनी त्याला बोलावले नव्हते. आम्ही काहीच केले नसते, तरी मरण थांबले नसते. ते फक्त आम्हांला दिसले नसते." आणि माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी पुढे म्हटले, "तुम्हांला वाटते तसेच मला वाटते, म्हणून तर मी सत्तरी उलटल्यावरही सकाळी उठून धक्क्यावर ब्रश घेऊन उभी राहते. पुन्हा विष टाकायची वेळ येऊ नये म्हणून."

भगिनींनो, खरे सांगते, विषाची गोष्ट मला अजून पूर्णपणे पचलेली नाही. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना मी ती पटवू शकले नसते. पण ब्रशाची गोष्ट मात्र मला तिथल्या तिथे पटली. दाराशी घेतलेली लहानशी काळजी पुढची मोठी हत्या टाळते. सकाळी ज्याला मी सोवळे म्हणून हसले होते, ती खरी भूतदया होती, आणि मुंग्या लागलेला डबा पुढे करून पुण्याच्या गोष्टी सांगणारी मी, माझी दया फक्त वरवरची होती.

परतताना त्यांनी वाटेवरचे लहान लहान बोगदे दाखवले. आत शाई लावलेला कागद असतो. उंदीर शिरला तर पावलांचे ठसे उमटतात. आपण गौरी येणार म्हणून दारात रांगोळीची पावले काढतो. तिथे मात्र पावले उमटू नयेत म्हणून माणसे देव पाण्यात घालून बसतात! बेटावर कचऱ्याचे डबे नाहीत. संत्र्याची सालही ज्याची त्याने परत न्यायची. कुत्रे-मांजर नाही, विडी-सिगारेट नाही, वाट सोडून जायचे नाही. कारण वाटेच्या कडेलाच कुणाचे घरटे असेल, सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते आणि आपल्या घराकडे वळते. ऑकलंडमध्ये मला पहिल्याच सकाळी अंगणात कोण दिसावे? आपली साळुंकी! परक्या देशात माहेरचे माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. मी तिला पोळीचे तुकडेही टाकले. पुढे कळले की १८७० नंतरच्या दशकात तिला हौसेने तिकडे नेली, आणि आता ती तिथल्या पाखरांना हुसकून त्यांच्या घरट्यांच्या जागा बळकावते. इथे जी आपली लाडकी, तिथे ती घुसखोर! दोष तिचा नाही. तिला उचलून नेणाऱ्याचा. म्हणून मला वाटते, कोणते पाखरू चांगले आणि कोणते वाईट हे पाहू नये. ज्याचे घर जिथे आहे तिथे त्याला सुखाने राहू द्यावे, आणि आपण मध्ये लुडबुड करू नये.

आता आपल्या सहलीविषयी.

कर्नाळा आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. १९६८ साली ते पक्षी अभयारण्य झाले. पहिल्याने साडेचार चौरस किलोमीटरदेखील नव्हते. २००३ साली ते वाढवून बारा चौरस किलोमीटरांवर नेले. गडाचा तो सुळका आपण हमरस्त्यावरून नेहमी पाहतो. टिरिटिरीला चारी बाजूंनी समुद्राची तटबंदी आहे. कर्नाळ्याच्या अंगावरून मुंबई-गोव्याचा महामार्ग जातो. म्हणजे तिथली पाखरे अधिक उघड्यावर राहतात, आणि पाहुण्यांनी तिथे अधिक जपायला हवे.

चार वर्षांपूर्वीची आपली तिथली सहल तुम्हांला आठवते ना? मला चांगली आठवते, कारण पुढाकार माझाच होता. झाडाखाली चादरी पसरल्या, मोठ्या आवाजात गाणी लावली, अंताक्षरी झाली, माकडांना केळी आणि चकल्या घातल्या, आणि येताना भेळेचे कागद तिथेच राहिले. संध्याकाळी घरी येताना मीच म्हटले होते, "अभयारण्य म्हणे! एक पाखरू दिसले तर शपथ!" कसे दिसणार? आपण त्यांच्या घरी गेलो आणि त्यांनाच बाहेर घालवले. त्या धक्क्यावर मुंग्या पाहताना मला आधी ही सहल आठवली होती. चिडले होते ते बहुधा त्यामुळेच.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझी विनंती आहे. नियम म्हणून नव्हे, मैत्रिणीचा आग्रह म्हणून ऐका. या वेळी पहाटे निघू या, म्हणजे उन्हाआधी पाखरे बोलताना सापडतील. गाण्यांचा भोंगा घरी ठेवू या. अंताक्षरी बसमध्ये हवी तेवढी खेळू. डबे घट्ट झाकणाचे आणू या, आणि नेलेला प्रत्येक कागद मोजून परत आणू या. माकडांना, पाखरांना काही घालायचे नाही. रंग भडक नसलेली लुगडी नेसू या. वाट सोडायची नाही, आणि घरटे दिसले तर फोटोसाठी फांदी वाकवायची नाही. आणि निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपली पिशवी उलटी करून झटकायची. त्या कामाला मी स्वतः बसच्या दाराशी उभी राहीन. रागावलात तरी चालेल. मीही एकदा रागावले होते.

तिथे शीळकरी कस्तूर आहे. तो पावसाच्या दिवसांत माणसासारखी शीळ घालतो असे म्हणतात. शेपटीची लांबच लांब पांढरी फीत मिरवणारा स्वर्गीय नर्तक आहे. चार वर्षांपूर्वी ही पाखरे तिथेच कुठेतरी होती. आपण गप्प बसलो नाही म्हणून ती दिसली नाहीत. या वेळी पंधरा मिनिटे, फक्त पंधरा मिनिटे, आपण चाळीसजणी गप्प बसून पाहू. आपल्या मंडळाच्या इतिहासात असे कधी घडलेले नाही, हे मला ठाऊक आहे; पण वर्धापनदिनाचा काही नवा संकल्प हवाच ना!

कुणाच्या घरी जाताना पाय पुसून जावे, त्यांच्या बाळाची झोप मोडू नये, आणि निघताना आपले सामान आठवणीने उचलावे, हे आपल्याला आईने शिकवले आहे. पाखरांच्या घरी जाताना एवढेच करायचे आहे. वेगळे काही शिकायला नको.

 जाताना गूळपोळी घेऊन जा. डब्याचे झाकण घट्ट आहे, मी दोनदा पाहिले आहे.